पेटीवरचा हळदीचा हात

"हत्यार लावायच्या आधी माझं ऐकून घ्या, ताई," बाबा म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातातलं स्क्रॅपर सरळ काढून घेतलं.

मला असं चालत नाही. वर्कशॉपमध्ये माझ्या हातातलं हत्यार माझा नवराही काढून घेत नाही. पण बाबा पंचाहत्तरीच्या पुढचे, आणि स्क्रॅपर त्यांनी छातीशी धरलं होतं. मी हात मागे घेतला.

मंचरला हायवेपासून एक गल्ली आत आमचं वर्कशॉप आहे. कांद्याच्या ट्रकांचे हॉर्न दिवसभर कानात. नवरा सुतारकाम करतो. जुना रंग काढणं आणि पॉलिश हे माझं खातं. सव्वीस वर्षं झाली. पलंग, कपाटं, दारं, एकदा तर एका शाळेचे सगळे बाक. लाकडावरचा कुठलाही थर मी काढते, असं मी लोकांना सांगायचे. आता सांगत नाही.

टेबलावर एक काळी पेटी होती. दीड हात लांब, एक हात रुंद. झाकणावर उचलायला जाड पितळी कडी. ती घेऊन आलेला संतोष हा बाबांचा मुलगा. बोरी बुद्रुकच्या पुढे मळ्यात त्यांनी नवीन घर बांधलं होतं. दहा दिवसांवर वास्तुशांत आली होती. त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला.

"असं पायजे ताई. नॅचरल फिनिश. समदं काढा, लाकूड दिसलं पायजे. हॉलमधी देवघरात ठेवायचीय."

"समदं न्हाई," बाबा म्हणाले. "काळं तेवढं काढायचं. त्याच्या खाली माझ्या मंडळीचा हात हाय."

संतोषने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, म्हणजे म्हाताऱ्याचं मनावर घेऊ नका. मला ते आवडलं नाही. मी स्टूल ओढलं आणि बाबांना बसवलं.

मग सगळं कळलं. ही देवाची पेटी. बाबांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. दसरा झाला की कळप घेऊन कोकणात उतरायचं, नाणेघाटातून. देव घरी ठेवून जायचे नाहीत. देवांचे चांदीचे टाक या पेटीत, पेटी घोड्यावर, वर घोंगडी. आणि निघायच्या दिवशी घरधनीण तेलात भंडारा कालवून त्यात उजवा हात बुडवायची आणि झाकणावर उमटवायची. वाळला की वरून वार्निशचा एक हात. दरवर्षी.

"दरसाली नवा?" मी विचारलं.

"दरसाली नवा," बाबा म्हणाले.

तेव्हा मी पुढचा प्रश्न विचारायला हवा होता. मी विचारला नाही. माझं लक्ष त्या काळ्या रंगाकडे होतं.

"आणि हे काळं कुणी मारलं?"

"म्या," बाबा म्हणाले. "ती घाटघरला, घाटाच्या वरच, वारली. घरनं निघाल्याला आठवा दिस. ताप व्हता. ती म्हनत व्हती, मला जुन्नरला डाक्टरकडं न्या. मी म्हनलं, घाट उतरू, खाली मुरबाडला दाखवू. मेंढरं थांबत न्हाईत ना, ताई. म्या मेंढरांचं ऐकलं." त्यांनी पेटीच्या कडीवरून अंगठा फिरवला. "तिथनंच माघारी आलो आन् देवावर राग काढला. गेटाला आनलेला काळा रंग व्हता, तो पेटीला फासला. त्येला सात वर्सं झाली. परवा मेंढरं बी इकली. आता म्हनलं तिचा हात तरी बघावा. त्येच्यावर हात ठिवून येकदा चुकलं म्हनावं."

संतोष मोबाइलमध्ये बघत होता, पण फोटो पुढे सरकत नव्हता. थोड्या वेळाने म्हणाला, "ताई, आण्णा म्हनत्यात तसंच करा."

काम अवघड होतं, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. पलंगाचा रंग कुणीही काढेल. वरचा थर काढायचा आणि त्याच्या खालच्याला धक्का लावायचा नाही, हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

तुम्ही कधी घरी जुना रंग काढायला बसलात तर उपयोग होईल म्हणून सांगते. लोकांना घासणं सोपं वाटतं. ग्राइंडरला चकती लावायची आणि सुटायचं. पण जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. तो सुका भुगा श्वासातून आत जातो, कपड्यांवरून घरात जातो, रांगत्या पोराच्या हातावरून त्याच्या तोंडात जातो. आमच्याकडे जुना रंग सुका घासत नाहीत. घासायचाच तर पाणी लावून वॉटर पेपरने. तोंडाला रुमाल नाही, फिल्टरचा मास्क. खाली पडलेला चिखल कागदासकट उचलायचा. माझ्या नवऱ्याने तरुणपणी हे काही पाळलं नाही. आता तो दोन जिने चढला की बसतो.

हीट गनने रंग तापवून उचकटता येतो. पण बाबांनी फासलेला होता जपान ब्लॅक, म्हणजे डांबराच्या जातीचा चकचकीत काळा. लोखंडाला मारतात तो. तो तापवला तर धूर घशात आणि खालचं वार्निश फुगून वर. रिमूव्हरची जेल वरचं-खालचं बघत नाही, सगळंच उठवते. शिवाय तिच्या वासाने बंद खोलीत माणूस चक्कर येऊन पडतो. दारं-खिडक्या उघड्या, जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा, एवढं असेल तरच तिचा डबा उघडावा.

राहिला कॉस्टिक सोडा. तो स्वस्त म्हणून लोक वापरतात. सागवान काळं पडतं, सांधे सुटतात, डोळ्यात उडाला तर डोळा जातो. आणि इथे तर तो मुळीच चालणार नव्हता. सोड्याने हळद लाल होते. कुंकू तसंच तर करतात, हळदीला चुना लावून. नवरा म्हणाला, "पातळ सोडा मारून बघ की कडंला." मी म्हणाले, "बाईचा पिवळा हात लाल करू काय?" तो हसला. मीही हसले. मी किती हुशार, हळदीचा स्वभाव मला किती ठाऊक, असं तेव्हा मला वाटलं होतं.

शेवटी टर्पेंटाइन धरलं. टर्पेंटाइनमध्ये डांबर विरघळतं. वर्षानुवर्षं वाळलेलं वार्निश लगेच विरघळत नाही. ह्या 'लगेच'मध्ये जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात काळं उचलायचं आणि कोरडं करायचं. आधी पेटीच्या तळाला बोटभर जागेत करून बघितलं. काळं गेलं, खालचं तपकिरी वार्निश जसंच्या तसं. मग झाकणाला हात लावला. कापसाचा छोटा बोळा, एका वेळी पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा. बोळा एकदाच फिरवायचा आणि टाकून द्यायचा, तोही पाण्याच्या डब्यात. तेला-वार्निशाचे बोळे कोपऱ्यात ढीग करून ठेवले तर आपोआप पेटतात. मंचरलाच आमच्या ओळखीच्या एकाचं दुकान तसं गेलं.

बाबा रोज सकाळच्या एसटीने यायचे. वास लागू नये म्हणून मी त्यांना दाराबाहेर बसवायचे. ते थोड्या वेळाने स्टूल आत सरकवायचे. मी ओरडायचे. ते बाहेर सरकवायचे. पुन्हा आत.

तिसऱ्या दिवशी करंगळी दिसली. कडीच्या बुडाशी तिचं टोक होतं, अर्धं कडीखाली गेलेलं. मग बाजूचं बोट. दुपारपर्यंत पंजा पूर्ण उघडा झाला. मी खूप जुनी कामं बघितली आहेत, पण असं काही बघितलं नव्हतं. काल उमटवल्यासारखा पिवळाधमक हात. तळव्यावरच्या रेघासुद्धा दिसत होत्या. करंगळी जरा बाहेरच्या बाजूला वाकडी.

"दारात सापडलं व्हतं ते बोट," बाबा म्हणाले. "लगीन झालं त्याच वर्सी."

मी नको म्हणायच्या आत त्यांनी झाकणावर हात ठेवला. तिच्या हातावर बरोबर आपला हात. त्यांचा मोठा, तिचा लहान, त्यामुळे तिचा हात दिसेनासा झाला. आवाज न करता त्यांचे ओठ हलत होते. मी मागच्या दाराने बाहेर गेले आणि उगाच नळाखाली हात धूत बसले.

बिजागऱ्यांच्या खाचांतून सुका भंडारा निघाला होता. तो पुसून माझं पांढरं मलमल पिवळं झालं होतं. नळाशी होतेच म्हणून साबण लावला. लाल झालं, होतं तसं. पिळून मागच्या तारेवर टाकलं. एप्रिलचं ऊन. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काढलं तेव्हा डागाचा मागमूस नव्हता. त्याच मलमलने मी त्या हातावरून शेवटचं पुसून घेतलं आणि क्लिअर पॉलिशचा एक पातळ कोट दिला.

पेटी न्यायला संतोष आला तेव्हा मी त्याला नेहमीच्या सूचना दिल्या. ओल्या फडक्याने पुसायची नाही. समई शेजारी ठेवायची नाही. गरम भांडं टेकवायचं नाही. तो मान डोलावत होता.

"जागा लई भारी केलीय ताई. पूर्वेला मोठी खिडकी. सकाळचं ऊन डायरेक देवावर."

"वा," मी म्हणाले.

हे 'वा' मला अजून ऐकू येतं.

जून गेला, जुलै निम्मा झाला. आमच्याकडे एका दवाखान्याची कपाटं आली होती, तेव्हा संतोषचा फोन आला.

"ताई, तुमचं पॉलिश उडालं."

मला राग आला. माझं पॉलिश उडत नाही. "ओलं फडकं मारलं असशील," मी म्हणाले.

"न्हाई मारलं. तुमी या. आण्णा चार दिस झालं जेवंना झाल्यात."

नवऱ्याने गाडी काढली. रस्ताभर मी त्याला माझा कोट कसा जाऊच शकत नाही ते सांगत होते. तो आळेफाट्याला चहालाही थांबला नाही.

घर मोठं होतं. हॉलमध्ये देवघर, त्यात पेटी. बाबा भिंतीला टेकून खाली बसलेले. मी पेटीपुढे उभी राहिले. पॉलिश शाबूत होतं. चकचकीत. माझा चेहरा दिसत होता त्यात. हात नव्हता. वार्निशच्या तपकिरी रंगावर कुठे काही नव्हतं. तिरकं होऊन बघितलं, बॅटरी मारून बघितलं. काही नाही.

मी झाकणावरची कडी उचलली. कडीच्या खाली, जिथे कायम सावली होती तिथे, एक ठिपका होता. नखाएवढा. पिवळाधमक. करंगळीचं टोक.

मग मला कळलं. कळलं म्हणजे काय, मला ते लहानपणापासूनच ठाऊक होतं. हळदीचा डाग साबणाने जात नाही, उन्हात जातो. आईने शिकवलेलं. लग्नातल्या साड्या, स्वयंपाकाचे पदर, पोरीची दुपटी, सगळी मी उन्हात घालून पांढरी केलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. टर्पेंटाइन, डांबर, शिसं, सगळ्यांचा विचार केला मी. उन्हाचा केला नाही. पॉलिशच्या वर काय पडतं ते मी सांगितलं. पॉलिशमधून आत काय जातं ते सांगितलं नाही.

"बाबा," मी म्हणाले, "चूक माझी आहे. ऊन लागलं. हळद उन्हात उडते. मी सांगायला पाहिजे होतं."

बाबांनी वर बघितलं. "तुमची कशी? मला ठावं न्हवतं व्हय? पर खिडकीचं ध्यानातच आलं न्हाई. दरसाली उडायचा. घोंगडी सरकायची, ऊन लागायचं. कोकणातनं माघारी येईस्तोवर पार पुसून जायचा. म्हणून तर दरसाली नवा."

मी विचारलं होतं, 'दरसाली नवा?' आणि पुढे गप्प बसले होते. का नवा, एवढंच विचारायचं होतं.

"म्हणजे खालच्या थरांमधे..." मी झाकणावरून बोट फिरवलं.

"काय न्हाई. समदे उडाल्याले. ह्योच येक ऱ्हायला व्हता. आठच दिसांचा व्हता, तवाच काळं फासलं म्या." ते पेटीकडे बघत होते. "रागानं केलं ते टिकलं, ताई. आन् मायेनं केलं ते गेलं."

संतोष खिडकीशी उभा होता. त्याने पडदा ओढला. आता पडदा ओढून काय होणार होतं. "ताई, माझ्याकडं फोटो हाय," तो म्हणाला. "पेटी घरी आणली त्या दिवशी काढलेला. त्याच्यावरनं परत काढता यील का? न उडणाऱ्या रंगात?"

येतं. पिवळी माती घेऊन, फोटो मोठा करून, रेघा न् रेघा काढता येतात. ती माती शंभर वर्षं उन्हात ठेवली तरी तशीच राहते. मी हो म्हणाले. खरं तर घाईने म्हणाले. मला काहीतरी दुरुस्त करायचं होतं.

"कुनाचा हात?" बाबांनी विचारलं.

"आईचाच की, आण्णा. फोटोवरनं."

"काढनार कोन?"

"ह्या ताई."

"मंग त्यो त्यांचा हात." बाबा हळूच म्हणाले. रागाने नाही. "रोज सकाळी मी त्येच्यावर हात ठिवतो. ठिवायचो. आता कुठं ठिवू तेच कळंना. काल इथं ठिवला, परवा तिथं. तिचा कुठं व्हता ते आठवतच न्हाई."

माझ्या नवऱ्याने तोंड फिरवलं. मी रडले. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्यांदा. बाबांनी संतोषला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं. मला ते आणखी लागलं, की दुःख त्यांचं आणि पाणी मला.

मी त्यांना कडीखालचा ठिपका दाखवला. ते गुडघ्यावर आले, डोळा जवळ नेला. खूप वेळ बघत होते.

"ही तीच करंगळी," ते म्हणाले. "वाकडी."

"तेवढी राहिलीय."

"ऱ्हाईल?"

मी खोटं बोलले नाही. "कडी उचलली, उजेड लागला, तर हीही जाईल. आज नाही तर वर्षाने."

ते उठून बसले. बाहेर पाऊस थांबून थांबून पडत होता. मग ते संतोषला म्हणाले, "गेटाचा काळा रंग हाय का रं?"

"आण्णा, आता कशापायी?"

"हाय का नाय?"

रंग होता. गोठ्यात अर्धा डबा. संतोषने आणला. बाबांनी तो माझ्यापुढे ठेवला. "झाका, ताई. समदं झाका. तेवढी तरी ऱ्हाऊ द्या."

मी म्हणाले, "बाबा, मग तुम्हाला दिसणार नाही."

"सात वर्सं कुठं दिसत व्हती? व्हती म्हनून ठावं व्हतं."

मी रंग ढवळला, गाळून घेतला, ब्रश धुतला. कडी वर धरायला नवऱ्याला सांगितलं. ठिपक्यावर पहिला हात मी मारला आणि तो दिसेनासा झाला. मग सगळं झाकण. उभे हात, मग आडवे. माझंच काम होतं, चार दिवस टिकल्या टिकल्या करून काढलेलं. झाकायला पाव तास लागला.

बाबांनी रंग वाळेपर्यंत वाट बघितली नाही. ओल्या झाकणावर कडीच्या बाजूला एक बोट टेकवलं आणि तसंच धरून बसले. कोट खराब झाला. मी ब्रश पुसत राहिले.

त्यानंतर माझ्याकडे कुणी काही घेऊन आलं की मी आधी विचारते: हा रंग कुणी मारला, का मारला, दरवर्षी मारत होते तर का. लोक कंटाळतात. एक जण म्हणाला, "मॅडम, रंग काढायचाय का पोलिस चौकशी करायचीय?" मी म्हणाले, दोन्ही. मास्क, हातमोजे, उघडी खिडकी, पाण्याचा डबा, हे सगळं तुम्हाला कुणीही शिकवेल. त्याने तुमची फुप्फुसं वाचतील. रंगाच्या आतलं काही वाचेल असं नाही.

आणि हळद उन्हात उडते, हे सांगायला पॉलिशवाली लागत नाही. कुठल्याही घरातल्या कुठल्याही बाईने ते सांगितलं असतं. बाबांच्या घरातली बाई तर गेली होती. पण चार दिवस त्या पेटीपाशी एक बाई बसलेली होती, मागच्या तारेवर तिचं मलमल वाळत होतं. ती मीच होते.